बुद्धिबळाच्या यंत्रांची परीक्षा

२८ जुलै २०२५ हा दिवस नागपूरकरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. जॉर्जिया देशातील बातूमी ह्या समुद्रकाठच्या शहरी त्या दिवशी महिलांच्या विश्वचषक स्पर्धेचा निकाल लागला आणि आपल्या गावच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हम्पी ह्या कसलेल्या खेळाडूस नमवून तो चषक मिळविला. आरंभीचे दोन संथ डाव बरोबरीत सुटले होते. त्या दिवशी खेळलेल्या जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत गेला, व दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्याने जय संपादिला. ह्या एकाच विजयाने तिला ग्रँडमास्टर ही पदवीही प्राप्त झाली. तिच्यापूर्वी रौनक साधवानी ह्याने २०१९ मध्ये व संकल्प गुप्ता ह्याने २०२१ मध्ये ही पदवी मिळविली होती. म्हणजे संत्र्यांच्या ह्या नगरीने सहा वर्षांत तीन ग्रँडमास्टर दिले. तेव्हापासून आमच्या शाळेच्या बुद्धिबळ-मंडळात बाकांची टंचाई भासू लागली, ह्यात नवल नाही.

परंतु त्या दिवशी आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हा सामना घरोघरी पडद्यावर पाहिला जात होता. पाहणाऱ्यांत असेही पुष्कळ होते की ज्यांस घोडा अडीच घरे चालतो ह्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. तथापि प्रत्येक खेळीनंतर “आता दिव्याचे बरे आहे”, “आता कठीण झाले” असे निर्णय ही मंडळी बेधडक देत होती. ह्या अवचित विद्वत्तेचे मूळ पटाच्या कडेस दिसणाऱ्या एका उभ्या पट्टीत होते. पट्टीचा पांढरा भाग वाढला म्हणजे पांढऱ्याचे पारडे जड, काळा वाढला म्हणजे काळ्याचे. ही पट्टी कोणी मनुष्य खालीवर करीत नाही. ते काम बुद्धिबळ खेळणारे यंत्र करते, व हल्ली ते ज्याच्या त्याच्या खिशातील फोनमध्येही असते. जगज्जेत्यालाही भारी पडणारे हे यंत्र आमच्या मुलांच्या प्रत्येक खेळीस गुण देत बसलेले असते. तेव्हा ह्या परीक्षकाचीच एकदा परीक्षा घ्यावी असे आम्ही मनात आणले, आणि त्या उद्योगात आम्हांस काय आढळले ते येथे सांगतो.

ह्या उद्योगाचे निमित्त लहानसे होते. गेल्या हिवाळ्यात येथील मुलांच्या एका स्पर्धेत आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपला हत्ती देऊन प्रतिपक्षाचा केवळ घोडा घेतला व राजावर चाल केली. डाव अखेर बरोबरीत सुटला. मुलगा आनंदाने बाहेर आला. बाहेर त्याचे वडील उभे होते. त्यांनी मुलाच्या वहीतील खेळ्या फोनमध्ये भरल्या आणि म्हणाले, “येथे हत्ती दिलास ना, येथे यंत्र उणे तीन दाखविते. ही सरळ चूक आहे.” मुलाचा चेहरा उतरला. हत्ती देण्यामागे त्याचा चार खेळ्यांचा विचार होता. तो कोणी विचारलाच नाही. पुढचे तीन आठवडे त्या मुलाने मंडळातील एकाही डावात एकही मोहरे आपण होऊन दिले नाही. आम्ही मुद्दाम लक्ष ठेवून होतो. वडील कठोर नव्हेत. रविवारचा सारा दिवस मुलासाठी सभागृहाच्या पायरीवर बसून काढणारे गृहस्थ ते. ज्वरमापकाच्या पाऱ्यावर विश्वास ठेवावा तसा त्यांनी त्या आकड्यावर ठेवला, एवढेच. आता प्रश्न असा की, तो आकडा ज्वरमापकाच्या जातीचा आहे काय?

ह्याचे उत्तर देण्यापूर्वी यंत्र काम कसे करते हे थोडेसे पाहिले पाहिजे. यंत्र म्हटल्यावर चाके आणि दाते कोणी डोळ्यांपुढे आणू नयेत. तसले एक यंत्र अठराव्या शतकात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने व्हिएन्ना येथे दाखविले होते. पगडी घातलेला लाकडी तुर्क पेटीमागे बसून भल्याभल्यांस हरवीत असे. परंतु पेटीच्या आत एक हाडामांसाचा खेळाडू दडवलेला असे. (आता उलटा प्रकार झाला आहे. मनुष्याच्या खिशात यंत्र दडलेले सापडते, म्हणून स्पर्धेच्या सभागृहात फोन नेण्यास बंदी असते.) आजचे यंत्र म्हणजे संगणकास दिलेली एक आज्ञावली होय. तिला इंजिन असेही म्हणतात. आम्ही वापरले ते स्टॉकफिश. २००८ पासून ते कोणासही विनामूल्य मिळते, आणि त्याच्या अंतरंगातील आज्ञाही ज्याला वाचावयाच्या असतील त्याला वाचता येतात.

ह्या यंत्राची कामे दोन: पुढे पाहणे व तोलणे. पुढे पाहणे किती अवघड आहे ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. डावाच्या मध्यभागी एका बाजूस साधारण तीस खेळ्या शक्य असतात असे धरले, तर पांढऱ्याची एक व काळ्याची एक मिळून ९०० शक्यता होतात. प्रत्येकाच्या तीन खेळ्या धरल्या तर तीस ह्या संख्येचा सहावा घात, म्हणजे ७२ कोटी ९० लाख. एवढे सारे पाहणे वेगवान यंत्रासही परवडत नाही, म्हणून ते छाटणी करते.

ही छाटणी समजावयास संत्र्यांच्या बाजाराचा दाखला पुरेल. समजा, करंड्या पुष्कळ आहेत. करंडी आपण निवडावयाची, परंतु तिच्यातले संत्रे मात्र विक्रेता उचलून देणार, आणि तो हटकून वाईटातले वाईट देणार. पहिली करंडी आपण पूर्ण तपासली. तिच्यातले सर्वांत वाईट संत्रे बरे निघाले. दुसऱ्या करंडीत हात घालताच पहिलेच संत्रे नासके लागले. आता त्या करंडीतली उरलेली संत्री तपासण्याचे कारण काय? ती करंडी आपण घेणारच नाही. यंत्र असेच करते. चांगल्या खेळ्या आधी तपासण्याचे भाग्य लाभले, तर वरील ७२ कोटी ९० लाखांऐवजी चौपन्न हजारांच्या आतच काम भागते, आणि उत्तरात काडीचा फरक पडत नाही. ह्या छाटणीत धोका मुळीच नाही. धोका आहे तो दुसऱ्या एका छाटणीत. ज्या खेळीत शह नाही, मार नाही व जी यादीत बरीच खाली आहे, अशी शांत खेळी फारशी कामाची नसावी असे यंत्र गृहीत धरते व तिच्या मागोमाग फार खोल उतरत नाही. बहुतेक वेळा हे गृहीत खरे ठरते. ते खरे न ठरण्याची जागा शोधणे म्हणजेच यंत्राची परीक्षा घेणे.

तोलण्याची गोष्ट निराळी. पूर्वी यंत्रे प्याद्यास एक, घोड्यास व उंटास तीन, हत्तीस पाच, वजिरास नऊ असे मोल देऊन त्यांत थोडी भर-घट करीत. २०२० पासून स्टॉकफिशमध्ये हे काम मेंदूतील मज्जातंतूंच्या धर्तीवर रचलेले एक गणिती जाळे करते. ही कल्पना मूळची जपानची; यू नासू ह्यांनी ती २०१८ मध्ये जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, काढली. पालकांनी विशेष ध्यानात घ्यावयाची गोष्ट पुढेच आहे. ‘उणे तीन’ म्हणजे तीन प्यादी कमी, हा समज आता जुना झाला. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशचा आकडा अशा बेताने बसविलेला आहे की, अधिक एक म्हणजे जिंकण्याचा संभव निम्मा. परंतु हा संभव कोणाच्या डावातला? तीच यंत्रे आपसांत खेळतात त्या डावांतला. नववीतील दोन मुलांच्या डावाशी त्याचा संबंध फार दूरचा. यंत्राच्या घरी जो डाव गेल्यात जमा आहे, तो मुलांच्या घरी अजून पुरता जिवंत असू शकतो.

आता परीक्षेचा प्रश्न. तो आम्ही १९९० सालच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातून घेतला. गॅरी कास्पारॉव्ह व अनातोली कार्पोव्ह ह्यांच्यातील तो सामना अर्धा न्यूयॉर्क येथे व अर्धा फ्रान्समधील लिआँ येथे झाला, आणि साडेबारा विरुद्ध साडेअकरा अशा गुणांनी कास्पारॉव्हने आपले पद राखले. विसावा डाव लिआँचा. विद्यार्थ्यांनी पट पुढ्यात घ्यावा. उभ्या रांगांस पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत व आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ मोजतात. पांढऱ्याची मोहरी अशी मांडावी: राजा जी१, वजीर डी१, हत्ती ई१ व जी३, उंट बी१ व बी२, घोडे ई४ व जी४, प्यादी ए४, एफ२, जी२, एच३. काळ्याची अशी: राजा एच८, वजीर ई८, हत्ती ए८ व ई६, उंट बी७ व एफ८, घोडे बी४ व डी५, प्यादी ए६, सी४, डी६, जी७, एच६. सव्विसावी खेळी पांढऱ्याची आहे. काळ्याजवळ एक प्यादे अधिक आहे. पांढऱ्याची मोहरी मात्र काळ्या राजाच्या दाराशी गोळा झालेली आहेत.

ही स्थिती आम्हीच प्रथम निवडली असे मात्र नाही. पियरे नोलो ह्या फ्रेंच गृहस्थाने १९९४ मध्ये यंत्रांस जड जातील अशा अकरा स्थिती खेळलेल्या डावांतून वेचून काढल्या, त्यांत हिचा समावेश होता. स्थिती मांडून बुद्धी पारखण्याची रीत तर आपल्याकडेही जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांनी संस्कृतात लिहिलेल्या बुद्धिबळावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, तेही मुख्यतः अशाच स्थितींचे आहे. फरक इतकाच की, तेव्हा परीक्षा माणसाची होती.

यंत्रास विचारण्यापूर्वी आम्ही मुलांस विचारले. प्रत्येकास एक कागद दिला, वीस मिनिटे दिली, आणि खेळी व तिचे कारण अशी दोन्ही लिहावयास सांगितले. पुष्कळांनी वजीर डी४ वर आणला. बी२ चा उंट व वजीर एकाच तिरप्या रांगेत येऊन जी७ वर रोखले जातात, असे कारण त्यांनी दिले. खेळी समंजस आहे. दोघातिघांनी जी४ च्या घोड्याने एच६ चे प्यादे मारले होते. हीच कास्पारॉव्हची खेळी! परंतु कारणाच्या जागी एकाने लिहिले होते: “राजाजवळ गडबड उडेल.” दुसऱ्याची जागा कोरीच होती. ह्यांस किती गुण द्यावेत ह्यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी खेळीस पूर्ण व कारणास शून्य असे ठरले, आणि हाच वाद पुढे यंत्राच्या बाबतीत पुन्हा उभा राहणार आहे ह्याची त्या वेळी आम्हांस कल्पना नव्हती.

खेळीचे मर्म असे आहे. एच६ वर आलेला घोडा जी७ च्या प्याद्याने मारावा असे प्रथम वाटते; परंतु ते प्यादे बांधलेले आहे. ते हलताच बी२ च्या उंटाचा शह थेट एच८ च्या राजास लागतो, म्हणून ती खेळी नियमानेच बंद. ई६ च्या हत्तीने मारावे, तर ई ही उभी रांग उघडते, पांढऱ्याचा दुसरा घोडा डी६ चे प्यादे मारतो, आणि काळ्या वजिरावर त्या घोड्याचा व मागून ई१ च्या हत्तीचा असा दुहेरी मारा होतो. तो घोडा उंटाने मारला तर एफ८ चे घर सुटते व जी७ चा राखणदार जातो. कार्पोव्हने ह्यांपैकी काहीच केले नाही. त्याने सी४ चे प्यादे सी३ वर ढकलले. एकाच खेळीत उंटाची वाट बंद झाली आणि उंटावर मारही बसला. उत्तम बचाव होता तो.

कास्पारॉव्हने घोडा एफ५ वर मागे घेतला. प्याद्याने बी२ चा उंट गिळला. आता पांढऱ्याजवळ एक उंट कमी, आणि काळ्याचे प्यादे वजीर होण्यास एकच घर उरलेले. ते तसेच अडकून राहिले, कारण पुढच्या बी१ ह्या घरी पांढऱ्याचा दुसरा उंट ठाण मांडून बसला होता. अशा वेळी पांढऱ्याने काय करावे? शह द्यावा, काहीतरी मारावे, असे कोणासही वाटेल. कास्पारॉव्हने वजीर डी१ वरून जी४ वर आणून ठेवला. ना शह, ना मार. एक उंट गमावून बसलेला मनुष्य स्वस्थपणे वजीर हलवितो, हे दृश्य आम्ही कितीही वेळा पट मांडला तरी आम्हांस चमत्कारिक वाटते.

पुढे बी७ चा उंट सी८ वर गेला, वजिराने एच४ वरून शह दिला, काळ्याने ई६ चा हत्ती एच६ वर आडवा घातला, एफ५ च्या घोड्याने तो मारला व जी७ च्या प्याद्याने तो घोडा मारला. चकमक ऐन रंगात आली असता कास्पारॉव्हने एकतिसावी खेळी केली ती राजाची: जी१ वरून एच२. पुन्हा शांत खेळी! तिचे कारण शोधण्यास आम्ही मुलांस एक दिवस दिला. सहावीतील एका मुलीने ते आणले. ई४ चा घोडा हलला की ई रांग मोकळी होते व काळा वजीर ई१ चा हत्ती शहासह मारतो. राजा एच२ वर असला म्हणजे तो शह उरत नाही. म्हणजे घोड्यास मोकळीक देण्यासाठी राजा बाजूस झाला. त्यानंतर घोडा जी५ वर उडी घेतो, चौतिसाव्या खेळीत वजीर एच६ वर दिला जातो व तीन खेळ्यांनी परत मिळतो, आणि एकेचाळिसाव्या खेळीस कार्पोव्ह डाव सोडतो. बी२ चे ते प्यादे अखेरपर्यंत बी२ वरच राहिले.

विद्यार्थ्यांच्या आता लक्षात आले असेल की ही स्थिती यंत्रास का जड. घोड्याच्या बलिदानाचे फळ दिसण्यासाठी वाटेत उंट जाऊ द्यावा लागतो आणि दोन शांत खेळ्या ओलांडाव्या लागतात. जे यंत्र थोडेच पुढे पाहते त्याला मध्येच केवळ तोटा दिसतो व ते मागे फिरते. क्षितिजापलीकडचे जहाज दिसत नाही, तसा हा प्रकार.

पहिल्या दिवशी आम्ही यंत्रापुढे स्थिती ठेवली आणि त्याने क्षणार्धात घोड्याची खेळी दाखविली. आम्ही सर्व थक्क झालो. मग कोणाच्या तरी लक्षात आले की, त्याच यंत्रावर आम्ही आधी सारा डाव अखेरपर्यंत खेळवून पाहिला होता. यंत्र तपासलेल्या स्थिती काही काळ स्मरणात ठेवते. डावाच्या शेवटाकडून मागे येताना त्याला पुढचे सारे ठाऊक होते. परीक्षार्थ्याच्या हाती उत्तरपत्रिका देऊन आम्ही परीक्षा घेतली होती! दुसऱ्या दिवशी स्मरण पुसून पुन्हा आरंभ केला. ह्या खेपेस यंत्राने प्रथम इतर खेळ्या चाचपल्या, मग घोड्याची खेळी वर आणली, पुन्हा थोडी डळमळली, आणि अखेर ती स्थिर केली. खेळीच्या पुढील आकडा आरंभी लहान होता. यंत्र खोल जाऊ लागले तसा तो वाढत गेला. आरंभीच्या त्या लहान आकड्याच्या वेळी यंत्रास खेळी सापडली होती, कारण मात्र सापडले नव्हते. खेळीस पूर्ण गुण, कारणास शून्य.

म्हणून आम्ही नोंदीची पद्धत बदलली. खेळी प्रथम केव्हा दिसली ह्याऐवजी ती शेवटची केव्हा स्थिर झाली हे लिहावयाचे, आणि तिच्यासोबत यंत्राने सुचविलेली पुढील खेळ्यांची ओळही उतरून घ्यावयाची. त्या ओळीत वजीर जी४ व राजा एच२ ह्या खेळ्या आल्या तरच यंत्रास मर्म कळले असे धरावयाचे. मुलांनी आणखी एक शंका काढली. प्रश्नास दोन बरोबर उत्तरे असतील तर? शंका रास्त आहे. पूर्वीच्या काही परीक्षा-संग्रहांतील छापील उत्तरे पुढे नव्या यंत्रांनी सदोष ठरविली आहेत. म्हणून यंत्रास एकाऐवजी पहिल्या तीन खेळ्या दाखविण्यास सांगावे व त्यांच्या आकड्यांतील अंतर पाहावे. अंतर नाहीसे असेल तर त्या प्रश्नावरून कोणासही नापास करू नये.

वेळेचे आकडे आम्ही येथे मुद्दाम छापीत नाही. प्रयोगशाळेतील संगणक, कोणाच्या घरचा नवा संगणक व वडिलांचा फोन ह्यांच्या गतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि एकाची मिनिटे दुसऱ्याच्या मिनिटांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. मिनिटांपेक्षा यंत्राने किती स्थिती तपासल्या हा आकडा अधिक प्रामाणिक. पण तोही एकाच जातीच्या यंत्रांत. लीला नावाचे एक इंजिन २०१८ पासून प्रचारात आहे. ते स्वतःशीच असंख्य डाव खेळून शिकले. ते स्टॉकफिशच्या मानाने फारच थोड्या स्थिती तपासते, परंतु प्रत्येक स्थिती अधिक बारकाईने तोलते. त्याला लागणारे चित्रपटल चालविणारे महागडे उपकरण आमच्या शाळेत नाही, म्हणून त्याची परीक्षा राहिली. आणखी एक गंमत अशी की, स्टॉकफिशला संगणकातील अनेक विभागांवर एकाच वेळी काम करू दिले तर तीच स्थिती, तेच यंत्र असूनही दर खेपेस वेळ निराळी येते. कारण कोणता विभाग कोणाच्या आधी काय शोधील ह्याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक प्रयोग अनेकदा करावा लागतो. एका प्रयोगावर निकाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही विज्ञानाच्या तासास परत केली जाते. फोनवरील पट्टीस ही सवलत का असावी?

हे सारे झाल्यावर एका शनिवारी आम्ही त्या नववीतील मुलाच्या वडिलांस शाळेत बोलाविले. त्यांचा फोन, प्रयोगशाळेतील संगणक व लाकडी पट अशी तिन्ही एका टेबलावर मांडली आणि मुलाचा हत्ती दिल्याची स्थिती तिन्हींवर ठेवली. फोनने दोन सेकंदांत उणे तीन सांगितले. संगणकास आम्ही कवायतीचा सारा तास काम करू दिले. तास संपला तेव्हा त्याचा आकडा उणे एकाच्या जरा खाली होता. म्हणजे मुलाची खेळी काही सर्वोत्तम ठरली नाही. हे आम्ही लपविणार नाही. परंतु ती हाणून पाडणारी खेळी एकच होती, व तीही शांत: वजीर दोन घरे मागे. ती प्रतिपक्षाच्या मुलास दिसली नव्हती, आमच्या मुलास दिसली नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर संगणकाने दाखवीपर्यंत आम्हांसही दिसली नव्हती.

वडील बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी फोन उपडा ठेवला व मुलास विचारले, “हत्ती दिलास तेव्हा तुझ्या मनात काय होते ते सांग पाहू.”

मुलाने लाकडी पटावर आपली चार खेळ्यांची ओळ दाखविण्यास आरंभ केला. पहिली खेळी झाली. दुसरीसाठी त्याने उंट उचलला आणि हात तसाच अधांतरी धरला. “बाबा, येथे त्याचा घोडा मध्ये येतो,” तो म्हणाला. “हे मला तेव्हा दिसलेच नव्हते.” त्याने उंट पुन्हा जागेवर ठेवला. वडिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि काळी मोहरी आपल्याकडे वळवून घेतली.